गळा नाही म्हणतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ग्वाल्हेरच्या गवयांमध्ये एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. शिंदे सरकारांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ नावाचे गवई होते. त्यांची तान म्हणजे त्या काळातलं एक आश्चर्यच. त्याच दरबाराच्या आश्रयाला हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे दोघे तरुण भाऊ होते. मोहम्मद खाँ आपली विद्या घराबाहेर जाऊ देणार नाहीत, हे महाराजांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी युक्ती केली. खाँसाहेब गायला बसले की या दोघा भावांना पडद्याआड बसवायचं. महिनोन्‌महिने पडद्यामागे बसून दोघांनी ती तान कानांत साठवली, घरी जाऊन घोटली आणि एक दिवस भर दरबारात जशीच्या तशी काढून दाखवली. मोहम्मद खाँ काय समजायचं ते समजले. पुढे एका बैठकीत त्यांनी हस्सू खाँना एक फार दमसासाची, जबरदस्त तान पुन्हा घ्यायला लावली. हस्सू खाँनी ती घेतली. पण तो ताण बरगड्यांना सोसला नाही, तोंडातून रक्त आलं आणि त्यातच त्यांचा शेवट झाला, असं सांगतात.

ही आख्यायिका आहे, दप्तरातला पुरावा नव्हे. पण घराण्यानं ती इतकी वर्षं जपून ठेवली, तेव्हा तिच्यात त्यांना काहीतरी सांगायचं असणार. मला तिच्यात एक साधी गोष्ट दिसते. दुसऱ्याची तान ही दुसऱ्याच्या बरगड्यांच्या मापानं शिवलेली असते. आपण ती अंगात घातली तर कधी सैल होते, कधी उसवते आणि कधी आपल्यालाच आवळते.

कोणतीही विद्या शिकताना हा प्रश्न येतो. सांगितलं तसं मुकाट्यानं करायचं, की स्वतःचं डोकं चालवायचं? सुताराच्या हाताखालचा पोऱ्या असो, नाहीतर सासूकडून पुरणपोळी शिकणारी सून असो, दोघांनाही हा पेच पडतो. गाण्यात तो जरा जास्त अवघड होतो. कारण तिथे हत्यार म्हणजे आपलंच शरीर. करवत बोथट झाली तर बदलता येते, गळा बदलता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहायचा तर गेल्या दीडशे वर्षांतल्या आपल्या गवयांकडे पाहावं. तिथे तो अगदी उघडा दिसतो.

आधी तालीम म्हणजे काय, ते थोडं आठवू या. उजाडायच्या आत खर्ज लावायचा. गुरूनं एक पलटा गायचा, शिष्यानं तो शंभर वेळा म्हणायचा. बंदिशीची ओळ गुरूनं ज्या श्वासात घेतली त्याच श्वासात घ्यायची आणि तो ज्या ढंगानं समेवर आला त्याच ढंगानं यायचं. ‘असं का?’ हे विचारायची सोय नव्हती. काही उस्ताद तर रागाचं नावही सांगत नसत. गाणं अंगात मुरलं की नाव आपोआप कळेल, नाही कळलं तर अडलं कुणाचं, असा मामला. शिवाय गुरूच्या घरचं पाणी भरणं, पाय चेपणं, चिलीम भरणं हे होतंच.

आज हे ऐकून आपण नाक मुरडतो. पण त्या काळी गाणं साठवायला जागा कुठे होती? ध्वनिमुद्रण नव्हतं, स्वरलिपी नव्हती. एका पिढीचं गाणं पुढच्या पिढीकडे जायचं ते फक्त शिष्याच्या गळ्यात बसून. पंधरा वर्षांच्या पोरानं त्यात आपल्या मनाचं चार आणे घातलं आणि त्याच्या शिष्यानं आणखी चार आणे घातलं, तर मूळ मुद्दल तिसऱ्या पिढीत दिसणारही नाही. उस्तादांच्या त्या करडेपणात हट्टापेक्षा धास्ती जास्त होती, असं मला वाटतं. अर्थात हट्टही होता. विद्या घरातल्या मुलालाच द्यायची आणि बाहेरच्याला अर्धीमुर्धी द्यायची, हा प्रकार काही धास्तीपोटी होत नव्हता.

अशा तालमीतून तयार झालेले एक गवई म्हणजे अल्लादिया खाँ. जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियारा इथला. वडील लवकर वारले. जयपूरला चुलत्यांपाशी, जहांगीर खाँसाहेबांपाशी, त्यांनी आधी कित्येक वर्षं ध्रुपद घोटलं आणि मग कित्येक वर्षं ख्याल. सांगितलं ते केलं, न सांगितलेलं केलं नाही. तयारी जबरदस्त झाली. आवाजही मोठा मधुर आणि फिरता होता म्हणतात. संस्थानिकांच्या दरबारी नाव होऊ लागलं आणि फिरत फिरत ते माळव्यात रतलामजवळच्या अमलेटा नावाच्या छोट्याशा जहागिरीत येऊन राहिले. तिथले जहागीरदार गाण्याचे वेडे. त्यांना वेळकाळ नाही आणि आश्रित गवयाला नाही म्हणायची सोय नाही. दिवसच्या दिवस, रात्रीच्या रात्री खाँसाहेब गात राहिले, आणि एक दिवस गळ्यानंच नाही म्हटलं.

आवाज बसला. चार दिवसांनी सुटेल असं वाटलं, सुटला नाही. बऱ्याच काळानं जो परत आला तो पूर्वीचा नव्हता. जाडसर झाला होता, पूर्वीचा गोडवा आणि चपळाई त्यात राहिली नव्हती. ऐन उमेदीतल्या गवयाच्या दृष्टीनं याचा अर्थ काय, ते सांगायला नको. चुलत्यांनी दिलेली सगळी तालीम डोक्यात शाबूत आहे, एकेक जागा आठवते आहे, पण ती ज्या आवाजासाठी दिली होती तो आवाजच नाही.

इथे पहिल्यांदा त्यांना कुणी न सांगितलेलं काहीतरी करावं लागलं. गोड आवाजाच्या जोरावर स्वर लांबवून मैफल मारता येणार नव्हती. मग उरलं काय? लय उरली, रागांचं अफाट ज्ञान उरलं आणि ध्रुपदाची शिस्त उरली. त्यांनी या उरलेल्यातून गायकी बांधली. आलापसुद्धा तबल्याच्या मात्रांशी गुंफलेला. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना सरळ न जाता वळसा घेऊन जायचं. तान एकेरी, सपाट नको. तिची वीण अशी की ऐकणाऱ्याला पुढचा टाका कुठे पडणार ते कळू नये, आणि पडला की तोच बरोबर होता असं वाटावं. त्यात अनवट राग आणि जोडराग यांची भर. आज आपण जिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो, ती अशी एका बिघडलेल्या गळ्यानं काढलेली वाट आहे, असं जाणकार मानतात.

पुढे खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात राहिले. १९२२ साली महाराज गेले, त्यानंतर ते मुंबईला आले. आपली हकीकत त्यांनी नातवाला, अझिझुद्दीन खाँना, सांगून ठेवली. १९४६ साली ते वारले, तोवर महाराष्ट्रातल्या गाण्याचा चेहरा त्यांच्यामुळे बदलून गेला होता.

आता यातली गंमत पाहा. स्वतः अल्लादिया खाँनी जी गायकी अडचणीतून शोधली, ती शिष्यांना कशी दिली? ‘तुम्हीही शोधा’ असं सांगून? छे! जशीच्या तशी घ्या, या जुन्याच शिरस्त्यानं. स्वतःचा शोध त्यांनी शिष्यांसाठी पुन्हा आज्ञाच केला.

आणि ती आज्ञा पाळून काय झालं, याचं उदाहरण म्हणजे केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या. अल्लादिया खाँसाहेबांपाशी त्यांची तालीम १९२१ च्या सुमारास सुरू झाली आणि गुरू हयात असेतो त्यांनी त्यांची कास सोडली नाही. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं. केसरबाईंचा आवाज भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्या वजनाचा. जखमी गळ्यानं आखलेल्या नकाशावर या धडधाकट गळ्यानं इमारत उभी केली आणि ती अशी भव्य झाली की खुद्द नकाशा काढणाऱ्यालाही धन्य वाटलं असेल. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर ही दोन अंतराळयानं सोडली, त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत भारताचं म्हणून जे गाणं आहे, ती केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच सप्टेंबर महिन्यात मुंबईत केसरबाई वारल्या. पहिलं व्हॉयेजर २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. आज्ञेनं शिकणं म्हणजे दुय्यम प्रतीचं शिकणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही भैरवी एकदा ऐकावी. केसरबाईंना गुरूची वाट मोडायची गरज पडली नाही, कारण त्या गायकीचं माप त्यांच्या गळ्याला बसलं.

दुसरी शिष्या मोगूबाई कुर्डीकर. याही गोव्याच्या. त्यांचं कुर्डी हे गाव पुढे साळावलीच्या धरणाखाली गेलं. नाटक कंपनीतून दिवस काढलेल्या, आईवेगळ्या, परिस्थितीनं गांजलेल्या या मुलीचा रियाज सांगलीत खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि ते आपण होऊन तिला शिकवायला येऊ लागले. नंतर खाँसाहेब मुंबईला गेले, तशी विद्येसाठी मोगूबाईही मुंबईला आल्या. तिथेही तालीम सुखासुखी मिळाली नाही. कधी मिळाली, कधी तुटली, आणि रीतसर गंडा बांधला गेला तो १९३४ साली. इतक्या कष्टानं मिळालेल्या विद्येत मोगूबाईंनी काडीचाही फरक करू दिला नाही, यात आश्चर्य ते काय?

त्यांची मुलगी किशोरी. या मुलीची तालीम घरातच आणि गुरू म्हणजे आई. पण आई म्हणून सवलत नाही. माई ओळ दोनदा म्हणणार, फार तर तीनदा. तेवढ्यात ती गळ्यात उतरली पाहिजे. दौऱ्यावर आईच्या मागे तानपुरा घेऊन बसायचं आणि ऐकायचं. ओळ कशी फिरते, कुठे हलकी होते, कुठे उचलली जाते, सगळं हुबेहूब. किशोरीताईंनी ते सगळं घेतलं. आणि पंचविशीच्या सुमारास त्यांचा आवाज गेला.

जवळजवळ दोन वर्षं गाणं बंद होतं. आयुर्वेदिक उपचार चालू होते. गाता येत नाही, पण मनातलं गाणं थांबत नाही, अशा अवस्थेत या मुलीनं काय केलं असेल? विचार. लहानपणापासून न विचारलेले सगळे प्रश्न. हा गांधार असाच का? तो काय म्हणतो आहे? लयीची ही वीण सुंदर आहे खरी, पण तिच्या घाईत स्वराला बोलायला वेळ मिळतो का? आवाज परत आला तेव्हा हळूहळू गाणं बदललं. लय संथ झाली. मात्रांच्या खुंट्यांना बांधलेला आलाप मोकळा झाला, एकेका स्वरापाशी रेंगाळू लागला. रागाचा भाव हे त्यांच्या गाण्याचं मुख्य प्रयोजन झालं. पुढे ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला.

जुन्या रसिकांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे जयपूर नव्हे, म्हणाले. किशोरीताईंनीही घराणं वगैरे मी मानत नाही, असं वेळोवेळी स्पष्ट सांगितलं आणि वाद वाढवला. २०१७ साली त्या गेल्या, तोवर हा वाद बराचसा निवला होता. आता तर त्यांच्याच पद्धतीला जयपूर समजणारी एक पिढी आहे. पण या भांडणात एक गोष्ट कुणी फारशी ध्यानात घेतली नाही. किशोरीताईंनी जी चौकट सैल केली, ती चौकट मुळात एका गेलेल्या आवाजावरचा इलाज होती. आजोबागुरूंच्या दुखण्यावरचं औषध नातीला लागू पडेलच असं थोडंच आहे?

मग गळा गेल्याशिवाय माणसाचं डोकं चालत नाही की काय? तसंही नाही. गळे तर हजारोंचे गेले. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. कुणी हार्मोनियम धरली, कुणी शिकवण्या केल्या, कुणी गाणं सोडून किराणा मालाचं दुकान टाकलं. अल्लादिया खाँ आणि किशोरीताई यांचा आवाज गेला तेव्हा त्यांच्यापाशी वर्षानुवर्षांच्या हमालीनं साठवलेला माल होता. विचार करायलासुद्धा काहीतरी सामग्री लागते. ज्यानं घोटलंच नाही त्यानं मोडायचं काय आणि जोडायचं काय?

आणि दुसराही एक मार्ग आहे. त्याचं नाव भास्करबुवा बखले. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गोड गळ्याचा पोरगा म्हणून वाहवा झाली. वयात येताच आवाज फुटला आणि भूमिका गेल्या. तेव्हा हा मुलगा बडोद्याला फैजमहंमद खाँसाहेबांकडे गेला आणि ग्वाल्हेरची गायकी शिकला. मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे शिकला आणि त्यानंतर अल्लादिया खाँसाहेबांकडे. तिन्ही ठिकाणी शागीर्द म्हणून, सेवा करून, मान खाली घालून. आता विचार करा, हे तीन गुरू सांगणार काय? ग्वाल्हेर सरळ, मोकळं चाला म्हणणार. आग्रा बोल फेका, लयीशी झुंजा म्हणणार. जयपूर वळसे घ्या म्हणणार. एकाची आज्ञा पाळली तर दुसऱ्याची मोडते. अशा वेळी कोणत्या रागात, कोणत्या बंदिशीत कुणाचं ऐकायचं, हे शिष्याला स्वतःच ठरवावं लागतं. बुवांनी बंड कधीच केलं नाही, तिन्ही गुरूंचं सगळं ऐकलं, आणि ऐकता ऐकताच त्यांची स्वतंत्र बुद्धी तयार झाली.

भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. १९२२ साली ते वारले. त्यांचं वेगळं घराणं झालं नाही. पण बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे दोन शिष्य शेजारी ठेवून ऐका. एकाच गुरूचे चेले आहेत असं अनोळखी माणसाला सांगूनही पटणार नाही. ज्यानं तीन मापं अंगावर घालून पाहिली, त्याला समोरच्याचं माप घेता येत होतं.

आता पुन्हा ग्वाल्हेरला जाऊ. पडद्याआडच्या त्या दोन भावांची विद्या वासुदेवबुवा जोशींकडे आली. त्यांच्यापाशी राहून, पडेल ती सेवा करून, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेत आणली. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याचे धडे छापले. इकडे मुंबईत पंडित भातखंडे यांनी उस्तादांकडून एकेक बंदीश मिळवून, स्वरलिपीत बांधून, ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग सिद्ध केले. घरंदाज मुलीबाळी आणि नोकरदार माणसं गाणं शिकू लागली ती या दोघांमुळे. या उपकाराला मोल नाही. उस्ताद लोक मात्र कुरकुरले, आणि त्यांची सगळीच कुरकुर पोटदुखीची नव्हती. गुरू कितीही कडक असला तरी समोरच्या गळ्याकडे पाहून पलटा बदलतो. पुस्तकातला पलटा सर्वांना सारखा. मालकंसाचा ख्याल पान अमुक, ओळ तमुक, मग तो गाणारा सोळा वर्षांचा असो की साठ.

पण याच पलुसकरांचे एक शिष्य होते प्रोफेसर बी. आर. देवधर. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांची गाण्याची शाळा होती. माणूस विलक्षण चौकस. आपलं ग्वाल्हेर सांभाळून सगळ्या घराण्यांच्या उस्तादांशी दोस्ती. कोण कसा आवाज लावतो, का लावतो, याचा अभ्यास. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्याला त्यांच्याकडे बेळगावकडचा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा आला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. तोवर गावोगावचे लोक त्याला कुमार गंधर्व म्हणू लागले होते.

या मुलाचा पराक्रम असा, की ग्रामोफोनची तबकडी ऐकायची आणि ती तशीच्या तशी गायची. अब्दुल करीम खाँ म्हणा, फैयाज खाँ म्हणा, वझेबुवा म्हणा. प्रत्येकाची लकब, प्रत्येकाचा श्वास जिथल्या तिथे. पडद्याआडच्या हस्सू खाँना महिने लागले, या पोराला तीन मिनिटं पुरत. जलशांना गर्दी लोटत होती. देवधर मास्तरांपुढे त्यामुळे एक विचित्रच काम होतं. इतर मुलांना नक्कल जमत नाही म्हणून शिकवायचं, याला नक्कलच जमते म्हणून शिकवायचं! त्यांनी त्याच्यावर आपली छाप मारली नाही, ही त्यांची थोरवी. रागाचं व्याकरण शिकवलं, नाना तऱ्हेचं गाणं ऐकवलं, आपल्या शाळेत येणाऱ्या मोठमोठ्यांपुढे बसवलं आणि वाट पाहिली. चाळिशीच्या दशकात हाच मुलगा त्या शाळेत शिकवू लागला. त्याचं स्वतःचं असं गाणं तेव्हाच डोकावू लागलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

१९४७ साली लग्न झालं आणि त्याच सुमाराला क्षयाचं निदान झालं. १९४८ च्या जानेवारीत कुमारजी हवापालटासाठी माळव्यात देवासला आले. पुन्हा माळवाच. अमलेटा तिथून काही फार लांब नाही. डॉक्टरांनी गायला सक्त मनाई केली. एक फुप्फुस कामातून गेलं. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्यानं जीव वाचला. पण १९५३ पर्यंत हा गाणारा माणूस गाण्यावाचून राहिला. गुणगुणायचंसुद्धा नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऐकायला मात्र कुणी बंदी करत नाही. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकू येत. लग्नाची, सणांची, शेतावर जाता-येतानाची. चार-पाच स्वरांत संपणारी. ती ऐकता ऐकता कुमारजींना त्या चार-पाच स्वरांच्या धुनांमध्ये रागांची बीजं दिसू लागली. आपण पुस्तकातून आणि उस्तादांकडून जे राग शिकलो ते कधीकाळी अशाच एखाद्या धुनेतून निघाले असणार, मग आज का निघू नयेत? पुढे त्यांनी मालवती, सहेली तोडी, लगन गांधार असे धुन-उगम राग बांधले. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह १९६५ साली आला.

पुन्हा गायला बसले तेव्हा लांबलचक दमसास नव्हता. तुकडे छोटे झाले, मध्ये शांतता येऊ लागली, सूर एकदम तीरासारखा उठायचा आणि थांबायचा. टीकाकार म्हणाले, गाणं तुटक झालं. चाहते म्हणाले, शांतता बोलू लागली. यातलं सगळंच फुप्फुसाच्या खात्यावर मांडणं कुमारजींवर अन्याय करणारं आहे, असं माझं मत आहे. एक फुप्फुस गेल्यानं श्वास आखूड होतो, बुद्धी लांब होत नाही. त्या पाच वर्षांत त्यांनी जे ऐकलं आणि ताडलं, त्याचं ते गाणं होतं.

लहानपणी तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या या गवयानं पुढे नाट्यगीतांचा एक कार्यक्रम केला. त्याला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांची गाणी गायची तर बालगंधर्वांसारखी गायला कुमारजींना कठीण नव्हतं, दहाव्या वर्षीही जमलं असतं. ‘उमजलेले’ या शब्दासाठी मधली तीस-चाळीस वर्षं लागली. काहींना तो कार्यक्रम रुचला नाही, गंधर्व असे नव्हते म्हणून तक्रार झाली. ती खरीच होती.

१९९२ च्या जानेवारीत कुमारजी देवासला वारले. त्यांच्या हयातीतच त्यांची गायकी तरुणांच्या गळ्यात शिरली होती आणि तिची नक्कल करणारेही पुष्कळ निघाले. तोच एकदम उठणारा सूर, तीच मध्येच तोडलेली ओळ, तेवढीच शांतता. दोन्ही फुप्फुसं ठणठणीत असलेली ही मुलं, कुमारजी जिथे श्वासासाठी थांबत, नेमकी तिथेच थांबू लागली.